बाईंचे दहापैकी चार

माझ्या दवाखान्यात लोक दोन गोष्टी हमखास विसरून जातात. एक म्हणजे नीकॅप, आणि दुसरी म्हणजे बोलता बोलता सांगून टाकलेली घरची गोष्ट. नीकॅप न्यायला परत येतात. गोष्टी माझ्याकडेच राहतात. नगरला सावेडीत फिजिओथेरपीचा दवाखाना टाकून मला अठरा वर्षं झाली, म्हणजे किती साठल्या असतील ते बघा. फाइलमध्ये काय लिहायचं असतं? वय, वजन, डावा की उजवा, आणि दुखणं दहापैकी किती. बाकीचं सगळं फाइलच्या बाहेर सांडतं. घरी जाऊन नवऱ्याला सांगावं, तर तो म्हणतो, "जेवताना तरी गुडघे नकोत गं." मग तुम्हीच ऐका.

सोमवार-गुरुवार सकाळी अकराची जी बॅच आहे, ती सगळी गुडघ्यांची. झिजलेले गुडघे. सांध्यातली गादी झिजते, हाडाला हाड जवळ येतं, आणि माणूस जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभा राहून वर बघायला लागतो. झालेली झीज भरून येत नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकते. मांडीचे स्नायू बळकट करता येतात, वजन उतरवता येतं, दुखणं आटोक्यात ठेवून कामं करायची रीत बसवता येते. एवढं ऐकूनही जे पुढच्या वेळी येतात, ते माझे.

*

पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते. "दुखणं जाऊ दे, तुम्हाला नेमकं काय करता यायला हवंय?"

कदम काका एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. मूळचे राहात्याचे, आता सावेडीत मुलाकडे असतात. जन्मभर क्लच दाबून डावा गुडघा गेला, असं त्यांचं ठाम मत. ते म्हणाले, "मला आमच्या डेपोच्या गेटासमोरून न लंगडता जायचंय. शंभर पावलं. त्याच्यापुढं लंगडलो तरी चालंल, तिकडं कोणी ओळखीचं नाही."

गयाबाई राहुरीच्या अलीकडच्या एका वस्तीवरच्या. लेक सावेडीत दिलेली, म्हणून आठवड्यातून दोनदा येणं जमतं. त्या म्हणाल्या, "मला म्हशीखाली बसाया यावं. माझी म्हस दुसऱ्या कुनाला हात लावू देत न्हाई. सून गेली की लाथ मारती, ल्योक गेला की दूध चोरती, सोडतच न्हाई. आन् आता ल्योक म्हनतो, आये, तुला बसता येत न्हाई तर इकून टाकू."

तिसऱ्या साळवे बाई. मला चौथीला वर्गशिक्षिका होत्या. मिशनच्या शाळेत त्यांच्या हाताखालून निम्मं नगर गेलंय. आता सत्तरीच्या पुढे, पण खुर्चीत अजून तशाच ताठ बसतात. त्या म्हणाल्या, "मला जमिनीवर बसायचंय. दहा मिनिटं. आणि कुणाचा हात न धरता उठायचंय."

"घरात का बाई? की कुठे बाहेर?"

"जमिनीवर," बाई म्हणाल्या.

एकच प्रश्न दोनदा विचारलेला त्यांना चौथीतही खपत नसे. मी फाइलमध्ये लिहिलं, 'जमिनीवर'.

*

कुठल्या जमिनीवर, ते महिनाभरानं कळलं. बॅच सुटली होती, बाईंची रिक्षा यायची होती. त्या आपणहून म्हणाल्या, "वैशाली, त्या दिवशी तू कुठे म्हणून विचारलंस, तेव्हा सगळे होते."

त्यांचे यजमान पण शिक्षकच, चित्रकलेचे. बाई त्यांना अजून मास्तरच म्हणतात. मास्तर जाऊन सहा वर्षं झाली. दर रविवारी चर्च सुटलं की बाई कबरस्तानात जायच्या, मास्तरांच्या कबरेशेजारी खाली बसायच्या आणि आठवडाभरात काय झालं ते सगळं सांगायच्या. कोण आलं, कोण गेलं, नळाला पाणी किती वेळ होतं, सगळं. दोन वर्षांपूर्वी खाली बसणं बंद झालं. तेव्हापासून त्या तिथं उभ्या राहतात.

"उभ्यानं बोललं की शाळा तपासायला आल्यासारखं वाटतं गं," बाई म्हणाल्या. "मला सुचत नाही. त्यांनाही अवघडल्यासारखं होत असणार. नातीचं लग्न ठरलं, तेसुद्धा मी उभ्यानंच सांगितलं."

मी म्हटलं, "एखादी घडीची खुर्ची न्यायची."

बाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की माझे हात आपोआप घडी घालून मांडीवर आले. "ते खाली आणि मी खुर्चीवर? चाळीस वर्षं एका सतरंजीवर बसून जेवलोय आम्ही."

रिक्षा आली. बाई कठडा धरून एकेक पायरी उतरल्या. मी तेवढ्यात फाइल उघडून बघितली. दुखणं, दहापैकी चार. म्हणजे हे काम सहज होण्यासारखं आहे, असं मला वाटलं, आणि मी निर्धास्त झाले. माझी चूक तिथं झाली. ती पुढं सांगतेच.

*

हे दहापैकीचं प्रकरण काय आहे, ते सांगायला हवं. दुखणं मोजायला आमच्याकडे मशीन नाही. पेशंटलाच विचारायचं. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. कॉलेजात हे शिकवतात तेव्हा फार सोपं वाटतं.

गयाबाईंना पहिल्यांदा विचारलं, तर त्या म्हणाल्या, "पन्नास."

"आजी, दहापैकी सांगायचं."

"दहात कसं मावल, म्याडम? दोन गुडगं हायेत."

मी म्हटलं बरं, एकेका गुडघ्याचं सांगा. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "मग पंचवीस-पंचवीस धरा." गयाबाईंच्या फाइलमध्ये आजतागायत दहाच्या आतला आकडा नाही. सुधारणा झाली हे मला पन्नासाचे चाळीस झाले त्यावरून कळलं.

कदम काकांना एक आकडा मान्यच नाही. ते रूट सांगितल्यासारखं सांगतात. "सपाटीला तीन. चढाला पाच. उताराला आठ. आणि थांबून परत निघताना, तिथं लिहा नऊ." खरं सांगते, माझ्या वह्यापुस्तकांत गुडघ्याच्या झिजेचं याच्याइतकं नेमकं वर्णन मला सापडलेलं नाही. बसून उठल्यावर पहिली चार पावलं सगळ्यात वाईट, हे प्रत्येक पेशंट सांगतो. काकांनी ते गाडीच्या भाषेत सांगितलं एवढंच.

आणि साळवे बाई. त्या डोळे मिटून क्षणभर विचार करायच्या आणि म्हणायच्या, "चार." एकदा थंडीत पाच झाले. परत चार. आवाजात काही नाही, चेहऱ्यावर काही नाही. मला वाटायचं, पेशंट असावा तर असा.

*

मी चिडते, हे आमच्या बॅचला माहीत आहे. पण एकदा जी चिडले, ती कदम काकांच्या डबीवरून.

व्यायाम संपले की काका खिशातून एक छोटी स्टीलची डबी काढायचे आणि सगळ्यांपुढे फिरवायचे. मला वाटायचं बडीशेप. महिना गेला, दोन महिने गेले. मला कधी कुणी दिली नाही म्हणून एक दिवस मीच हात पुढे केला. डबीत गोळ्या होत्या. पांढऱ्या, गुलाबी, अर्ध्या मोडलेल्या. दुखणं थांबवायच्या.

"ही पांढरी लवकर धरते," काका म्हणाले. "गुलाबी संध्याकाळपर्यंत टिकते. ज्याच्या त्याच्या पल्ल्यावर आहे."

काकांना बीपी. शेजारी बसलेल्या एका आजींना किडनीचा त्रास. मी त्या दिवशी काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण खालच्या मजल्यावरचा टेलर वर येऊन विचारून गेला, सगळं ठीक आहे ना. या गोळ्या वाईट नसतात, पण त्या डॉक्टरनं माणूस बघून, त्याचं बीपी, त्याची किडनी, त्याचं पोट बघून द्यायच्या असतात. दुकानातून स्ट्रिप आणायची आणि डबीतून वाटायची, हे म्हणजे भलतंच. सगळे माना खाली घालून बसले होते. मी डबी जप्त केली.

पुढच्या गुरुवारी काकांनी तशीच दुसरी डबी काढली. मी उठलेच. त्यांनी झाकण उघडून दाखवलं. बडीशेप होती. "मोकळ्या हातानं उठवत नाही हो," काका म्हणाले. "काहीतरी दिल्याघेतल्याशिवाय लोक घरी कसे जायचे?"

तेव्हा माझा राग गेला. बॅचला व्यायाम मी देत होते. पण एकमेकांचं दुखणं विचारायचं काम ती डबी करत होती. आता मीही घेते बडीशेप.

*

आता गयाबाईंची म्हैस.

उकिडवं बसणं गयाबाईंनी सोडावं, असं मी सांगितलं. धार काढायची तर स्टुलावर बसून काढा. त्यांना ते अजिबात पटलं नाही. "वस्तीवर हसत्याल लोक. म्हनत्याल, गयाबाई हाफिसात बसून धार काढती." तरी त्यांनी गावच्या सुताराकडून स्टूल करून घेतलं. बाभळीचं, फूट-सव्वा फूट उंचीचं. लोक हसले नाहीत, पण म्हशीला खपलं नाही. रोजची बाई रोजच्यापेक्षा उंच दिसली, म्हणून ती बिथरली. चार दिवस दूध चोरलं. लेकानं गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली.

मी म्हटलं, "आजी, आता काय करायचं?" माझ्याकडे म्हशीचं काही शिक्षण नाही.

"बघते की," त्या म्हणाल्या. तीन आठवड्यांनी आल्या आणि म्हणाल्या, "बसते आता टुलावर."

"म्हशीनं ऐकलं?"

"तिला सांगितलंच न्हाई. पयल्या दिवशी एक पोतं घडी करून घेतलं बुडाखाली. दोन दिसांनी दोन पोती. मग पाट. मग पाटाखाली ईट. रोज बोटबोट वर. तिला कळलंच न्हाई मी कवा वर गेले ते."

दुखऱ्या सांध्याला झटका द्यायचा नसतो, थोडं थोडं वाढवत न्यायचं असतं, हे मी सगळ्यांना बोर्डावर चित्रं काढून सांगते. कुणी ऐकत नाही. आणि ही बाई म्हशीवर करून मोकळी झाली होती. त्या दिवसापासून बॅचमध्ये व्यायाम वाढवायचा असला की मी "आज एक पोतं" एवढंच म्हणते. सगळ्यांना कळतं.

*

कदम काकांचंही सांगून टाकते, नाहीतर ते रुसतील. सहा महिन्यांनी ते डेपोसमोरून गेले. शंभर पावलं, न लंगडता, काठीशिवाय. दुसऱ्या दिवशी बॅचला आले ते घुश्शातच.

"काय झालं, काका? जमलं नाही?"

"जमलं ना. एकदम टॉप गिअरला गेलो. पण गेटावर एकसुद्धा ओळखीचा नव्हता. सगळी नवी पोरं."

"मग?"

"मग काय, परत फिरलो आणि कँटीनवाला बाहेर येईपर्यंत तीन फेऱ्या मारल्या. आता आज उताराला नऊ लिहा."

*

बॅचमधली दोघं अशी एकेक पायरी चढत होती, आणि साळवे बाई मात्र होत्या तिथंच. व्यायाम चोख, वजन आटोक्यात, एक दिवस चुकवायच्या नाहीत. पण खुर्चीवरून खाली यायची वेळ आली की अर्ध्यात थांबायच्या. मी विचारायची, "दुखतंय, बाई?" उत्तर ठरलेलं. "चार." मला वाटायचं, भीती आहे. मग मी धीर द्यायची. "चारच तर आहे, बाई. करा थोडं." काय बोलत होते मी!

शेवटी म्हटलं, एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवून घेऊ. त्यांचा मला फोन आला. "तुमच्या पेशंटचा एक्स-रे माझ्यासमोर आहे. दोन्ही गुडघ्यांत हाडावर हाड टेकलंय. या बाई चालत कशा आल्या?"

मी म्हटलं, "पण त्यांचं दुखणं दहापैकी चार आहे."

"चार?" डॉक्टर म्हणाले. "नीट विचारा."

संध्याकाळी मी बाईंच्या घरी गेले. त्यांनी चहा केला. ओट्याला टेकून, एका पायावर भार देऊन, मग दुसऱ्या पायावर. मी ते उभी राहून बघत होते आणि मला चौथीची सहामाही आठवली. 'माझी शाळा' या निबंधाला मला दहापैकी सहा मिळाले होते. वर्गात सगळ्यात जास्त. आईनं घरी शिरा केला होता.

"बाई," मी विचारलं, "तुम्ही कधी कुणाला दहापैकी दहा दिलेत?"

"छे," बाई म्हणाल्या. "दहा कसले द्यायचे? दहा म्हणजे सुधारायला जागाच नाही. सहा म्हणजे उत्तम."

"आणि पाच?"

"पाच म्हणजे फार चांगलं. क्वचित एखाद्याला."

"चार?"

"चांगलं."

"आणि शून्य?"

"शून्य कधीच नाही. शून्य दिलं की ते मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येत नाही." मग म्हणाल्या, "मास्तर मात्र चित्रकलेला सगळ्यांना नऊ द्यायचे. त्यावरून आमचे कायम वाद."

मी कप खाली ठेवला. दहा महिने ही बाई मला सांगत होती की मला भरपूर दुखतंय, तिच्या पद्धतीनं, तिच्या हिशोबानं. आणि मी तिची विद्यार्थिनी, तिच्याकडून सहा मार्क घेऊन घरी नाचत गेलेली, मला ते कळू नये? मी तिला 'चारच तर आहे' म्हणत होते. मी बाईंची माफी मागितली. नीट शब्द सुचले नाहीत, पण मागितली.

बाई म्हणाल्या, "अगं, तू विचारलंस तेवढ्याचं उत्तर दिलं. पेपर काढणाऱ्याची पण चूक असते कधीकधी."

*

डॉक्टरांचं म्हणणं स्पष्ट होतं. आता गुडघे बदलायचं ऑपरेशन. आधी एक गुडघा, मग दुसरा. दुखणं पुष्कळ कमी होईल, चालणं सुधारेल. पण त्यानंतर जमिनीवर बसायचं नाही. कधीच.

बाई म्हणाल्या, "मग मला ऑपरेशन नको."

त्यांच्या मुलानं पुण्याहून येऊन समजावलं, मी समजावलं. बाईंचं एकच. "दुखण्याला मी सांभाळते. पण उरलेली सगळी वर्षं मी त्यांच्यासमोर उभी राहायचं, हे मला सांगू नका." मग म्हणाल्या, "आधी मला एकदा खाली बसू दे. मग बघू."

हट्टच तो. पण मला मोडवेना. एका गुरुवारी त्यांनी चटई अंथरायला लावली. दोन्ही हातांनी खुर्ची धरून, श्वास रोखून, बाई खाली बसल्या. बसल्या खऱ्या. दहा मिनिटं नाही, दोन मिनिटं. मग उठायला गेल्या आणि उठता येईना. खुर्ची धरली, भिंत धरली, गुडघा हलेना. कदम काका, मी आणि आणखी एका बाईंनी मिळून त्यांना उचलून खुर्चीत बसवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बाईंच्या डोळ्यांत मी कधी पाणी बघितलेलं नव्हतं. त्यांनी पदर सारखा केला, पर्स घेतली आणि कुणाकडे न बघता गेल्या.

दोन आठवडे बाई आल्या नाहीत. फोन उचलला नाही. तिसऱ्या सोमवारी गयाबाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. "म्याडम, त्या मास्तरीनबाईंना बसायचं तरी कुठं हुतं येवढं?"

मी सांगायला नको होतं. बाईंनी ते मला एकटीला सांगितलं होतं. पण मी सांगितलं.

गयाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "आसं व्हय," एवढंच म्हणाल्या.

*

गुरुवारी गयाबाई एसटीतून उतरल्या त्या डोक्यावर स्टूल घेऊन. तेच, बाभळीचं, बसून बसून मधोमध गुळगुळीत झालेलं. व्यायाम वगैरे काही नाही. मला म्हणाल्या, "चला, त्यांच्या घरी न्या मला."

बाईंनी दार उघडलं. आमच्याकडे बघितलं, स्टुलाकडे बघितलं आणि त्यांच्या सगळं लक्षात आलं. माझ्याकडे टाकलेली ती नजर मी मुकाट्यानं घेतली. गयाबाईंनी स्टूल हॉलच्या मधोमध ठेवलं.

"बसून बघा."

"मी खुर्चीवर बसणार नाही, असं मी वैशालीला सांगितलंय," बाई म्हणाल्या.

"ही खुर्ची कुटं हाय? फूट-सव्वा फूट हाय समदं. पाय लांब करून बसा, हात भुईला टेकतो." गयाबाईंनी स्वतः बसून दाखवलं. वाकून फरशीला तळहात टेकवला. "मी बी आदी न्हाईच म्हनत हुते. वाटलं, म्हशीला काय वाटंल. माझ्या म्हशीनं मान्य केलं, बाई. तुमचं मास्तर काय तिच्यापरीस हट्टी हायेत व्हय?"

बाई स्टुलाकडे बघत राहिल्या.

"थोडे होते," त्या म्हणाल्या.

मग त्या बसल्या. मी पुढे झाले तर हातानं मला अडवलं. वाकल्या, हात खाली नेला आणि तळहात फरशीवर टेकवून तसाच ठेवला. थोड्या वेळानं मांड्यांवर हात दाबून, दात आवळून, एकट्या उठल्या. डॉक्टरांना मी तिथूनच फोन लावला. एवढ्या उंचीचं स्टूल ऑपरेशननंतर चालेल का? ते म्हणाले, "थोडं उंच करून घ्या, मग चालेल." गयाबाई लगेच म्हणाल्या, "तवा टुलाच्या पायाखाली ईट लावू. मास्तरांना कळायचं बी न्हाई."

बाईंनी ऑपरेशनची तारीख घेतली. स्टूल ठेवून घेतलं. आणि म्हशीचं काय, असं मी विचारलं, तेव्हा गयाबाई म्हणाल्या, "तिला आता सवय झालीया. काय बी चालतंय."

*

रविवारी बाई चर्चनंतर गेल्या. मी त्यांच्याबरोबर नव्हते, कुणीच नव्हतं. रिक्षावाल्यानं स्टूल आतपर्यंत नेऊन ठेवलं आणि तो बाहेर थांबला. दहा मिनिटं म्हणून सांगितलं होतं, तो पाऊण तास थांबला, असं त्यानंच मला नंतर सांगितलं.

सोमवारी अकराला बाई बॅचला आल्या. मंगळवारी ॲडमिट व्हायचं होतं. कदम काकांनी बडीशेप पुढे केली, गयाबाईंनी फक्त भुवया उंचावल्या, बाईंनी फक्त मान डोलावली. मला डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहायची होती. वय लिहिलं, वजन लिहिलं. शेवटचा रकाना राहिला.

"बाई, दुखणं?" मी विचारलं. "दहापैकी? आणि या वेळी माझ्या हिशोबानं सांगा, तुमच्या नाही."

बाईंनी नेहमीसारखे डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटले.

"बसले होते तोवर शून्य," त्या म्हणाल्या. "उठताना दहा. सरासरी तुझी तू काढ. गणितात बरी होतीस."